आम्ही पक्षी पाळत नाही

माझ्या बाबांना मालवणीत खोटं बोलता येत नाही. जन्मात कधी जमलं नाही. बाजारातून आणलेले बांगडे नरम निघाले आणि आईने "खंय घेतलात ह्ये?" असं विचारलं, की बाबा मान खाली घालून खरं काय ते सांगून मोकळे. पण एकदा का त्यांना ऑफिसचं मराठी चढलं, की मग विचारू नका. सगळी नोकरी पंचायत समितीत झाली. "सदर बाब निदर्शनास आलेली नाही" हे वाक्य ते झोपेतसुद्धा म्हणतील. त्याच मराठीत त्यांनी कुडाळच्या इस्पितळात डॉक्टरबाईंच्या तोंडावर सांगितलं, "नाही मॅडम. आम्ही कुठलाही पक्षी पाळत नाही."

त्या एका वाक्यापायी माझी आई मरणाच्या दारात जाऊन आली. अजूनही ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माझे यजमान म्हणतात, झालं गेलं, सोड आता. सोड कसलं? त्यांना काय जातंय सोड म्हणायला.

तर पक्षी होता. राघू. आमच्याकडे तो आला पावसाळ्यातल्या एका वादळात. मालवणजवळच्या आमच्या घरामागे एक शेंडा गेलेला जुना माड होता, तो आडवा झाला आणि त्याच्या ढोलीतून हा बाहेर पडला. अंगावर धड पिसं नाहीत, नुसते डोळे आणि चोच. बाबा म्हणाले, राहील तर राहील. आईने त्याला पदरात घेतला तो घेतलाच. आधी कापसाच्या बोळ्याने पेज पाजली, मग बोटाने भात भरवला. आणि जरा मोठा झाल्यावर तर थेट तोंडाने! म्हणजे हिने भात चावायचा, ओठांत धरायचा आणि राघूने तो चोचीने काढून घ्यायचा. मी सासरहून, सावंतवाडीहून आले आणि हे बघितलं, तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला.

"आई, शी! काय करतेस हे? रोग होतील एखादे."

"तुका नाय भरवलंय तसा? तू खंय मेलंस?"

 मी शाळेत मास्तरीण, पण आईपुढे माझी मात्रा कधी चालली नाही. राघू तिचं सगळं उचलायचा. "मेल्या, जेवलंस काय?" हे तिचं येणाऱ्या-जाणाऱ्याला ठरलेलं वाक्य. तो ते तिच्याच आवाजात, तिच्याच ठसक्यात म्हणायचा. पोस्टमन एकदा "होय गे काकी, जेवलंय" असं उत्तर देऊन गेला होता, घरात कोणी नसताना.

आता पोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी घराघरांत पिंजरा टांगलेला असतो. पण एका वर्षी शेजारच्या गावात वनखात्याची गाडी आली, एकाच्या पडवीतला पोपट पिंजऱ्यासकट उचलून नेला आणि त्या माणसाचं नाव पेपरात छापून आलं. बाबांनी ती बातमी वाचली आणि त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. सरकारी माणूस, पेन्शनर, पेपरात नाव! वर मी मास्तरीण आहेच. मी आले की दोघांना बसवून कायदा शिकवायचे. शेवटी एका दिवाळीला गेले तर पडवीतला पिंजरा गायब. नुसता वरचा हूक राहिलेला.

"सोडलो," आई म्हणाली आणि लगेच चकल्या तळायला आत गेली.

मला केवढं बरं वाटलं होतं! खरी गोष्ट अशी, की मी आले की राघू मांगरात जायचा आणि मी गेले की पुन्हा पडवीत. मांगर म्हणजे माडांच्या बागेतली आमची सामान ठेवायची खोपी. तिथून त्याचा आवाज येऊ नये म्हणून मी असेपर्यंत बाबा टीव्ही मोठ्याने लावून ठेवायचे. मला आपलं वाटायचं, बाबांना ऐकू कमी यायला लागलं. मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेते म्हणून मागे लागले होते. दोघंही मुकाट ऐकून घ्यायची. धन्य आहेत दोघं!

आई आजारी पडली ती श्रावण संपता संपता. फोनवर म्हणाली, "डोक्या फुटाक इला गो. बाकी काय नाय." ताप होता, अंग ठणकत होतं. आमच्याकडे पावसाळ्यातला ताप म्हटला की आधी लेप्टो, उंदरांपासून साचल्या पाण्यातून येणारा ताप. गावातल्या डॉक्टरांनी रक्त घेतलं, रिपोर्ट यायच्या आधीच लेप्टोच्या गोळ्या सुरू केल्या. शहाणपणाच केला त्यांनी. दोन-तीन दिवसांत तिला चांगला उतार पडला, उठून पेज प्यायली. मग रिपोर्ट आला. लेप्टो नाही. लेप्टो नाही तर लेप्टोच्या गोळ्या कशाला? गोळ्या बंद. उरलेली पट्टी बाबांनी देवाच्या तेलाच्या बाटलीशेजारी खिडकीत ठेवली. आणि ताप परत चढला, तो आधीपेक्षा जोरात. कोरडा खोकला लागला, बोलताना धाप लागायला लागली. मग कुडाळला नेलं.

गाडीत बसवताना तिने बाबांचा हात धरून ठेवला होता. मला पुढे कळलं ते असं, की ती म्हणाली होती, "माझा काय व्हया ता होवंदे, राघूचा नाव खंय काढू नकात. माझ्या गळ्याची शपथ." झालं. आता हे शपथ पाळणारे आणि ती शपथ घालणारी. मला तर वाटतं दोघांनाही एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घालावी.

डॉक्टरबाई वयाने लहान, मराठवाड्याकडच्या. मालवणी त्यांना ओ की ठो कळत नव्हती, पण बाई कामाला चोख. फुप्फुसाच्या फोटोत डाग दिसत होते, म्हणून त्यांनी न्यूमोनियाची भारीतली इंजेक्शनं सुरू केली. त्यांनी काही फरक पडेना. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, माकडतापही नाही. एक गोष्ट त्यांना फार सतावत होती. ताप अंग भाजेल असा, पण नाडी मात्र सावकाश. एवढ्या तापात नाडी पळायला पाहिजे. त्या मनगट धरून घड्याळाकडे बघत उभ्या राहायच्या, परत मोजायच्या, आणि वळून बाबांना विचारायच्या, "घरात गुरं आहेत का? कोंबड्या? कबुतरं? काही पक्षी?"

"नाही मॅडम. आम्ही कुठलाही पक्षी पाळत नाही."

एकदा नाही, फेरी मारायला आल्या की विचारायच्या. बाबा ताकास तूर लागू देईनात. मी तिथे असते तेव्हा मीही मान हलवायचे. माझ्या समजुतीने पोपट दिवाळीतच रानात गेलेला. मीच छातीठोकपणे सांगितलं असतं, की नाही हो, आमच्याकडे काही नाही.

मग आईचं डोकं फिरायला लागलं. म्हणजे खरोखर. दिवस आहे की रात्र ते कळेना, सलाईनची नळी उपटायला जायची, मला ओळखायची आणि लगेच कोण गो तू म्हणून विचारायची. मी घाबरून गेले. माझी आई, जिला वाडीतल्या प्रत्येकाच्या लग्नात कोणी काय आहेर केला ते पाठ, ती छताकडे बघून काहीतरी बडबडत होती आणि मी तिचे पाय चोळत बसले होते. त्या दिवसांत मी देवालाही शिव्या घातल्या.

शाळेत रजेचा अर्ज देऊन मी दुपारी परत आले, तेव्हा डॉक्टरबाई मला दारातच भेटल्या.

"बरं झालं आलात. तुमच्या मुलाला एकदा घेऊन या ना."

"माझ्या मुलाला?"

"राघूला. आजी सारखं त्याचंच नाव घेतायत. राघूला जेवायला घाला, राघूला घाला. जवळच्या माणसाचा आवाज ऐकून कधी कधी थोडं भानावर येतात. लहान असला तरी चालेल, आत सोडायचं मी बघते."

"डॉक्टर, मला मुलगा नाही. एक मुलगी आहे, ती पुण्याला शिकते."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "पण आजोबा तर म्हणाले, राघू म्हणजे नातू."

कपाळ माझं! आम्ही दोघी त्या दारात उभ्या, मध्ये ट्रॉली घेऊन वॉर्डबॉय खोळंबलेला, आणि मी त्यांना सांगतेय की राघू नातू नव्हे, राघू पोपट. पण तो दिवाळीतच सोडून दिला. बाईंनी मनात हिशोब केला आणि मान हलवली. दिवाळीतला पोपट असेल तर त्याचा याच्याशी काही संबंध नाही, म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "पण खात्री करा. आजच करा."

बाबा बाहेर बाकावर बसले होते, मांडीवर चहाचा थर्मास. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, राघू कुठे आहे?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तो पोपट आम्ही दिवाळीतच मुक्त केलेला आहे."

मुक्त केलेला आहे! बाबा माझ्याशी जन्मात कधी शुद्ध मराठीत बोलले नव्हते. मी पहिली आले तेव्हा नाही, माझं लग्न ठरलं तेव्हा नाही. मी खाली उतरले, रिक्षा केली आणि तडक मालवणचा रस्ता धरला.

घराला कुलूप होतं. मी बागेतून मांगराकडे वळले आणि आतून आईचा आवाज आला. खणखणीत, धडधाकट, माझ्या लहानपणचा आवाज.

"मेल्या, जेवलंस काय?"

 तिकडे कुडाळला जिभेला शब्द सापडत नाही अशा बाईचा आवाज इथे झावळ्यांच्या ढिगामागून येत होता. मी दार ढकललं. पिंजऱ्यात राघू, समोर शेजारची काकी पेरूच्या फोडी घेऊन उभी. मला बघून तिच्या हातातली बशी खाली पडली. मला रडूही यायला लागलं आणि त्या पिंजऱ्याला एक लाथ घालावी असंही वाटायला लागलं.

"तू खंय उपाटलंस मधीच?" काकी म्हणाली. "तुझ्या बापाशीन सांगल्यान, कोणाक सांगा नको म्हणान."

"काकी, ह्यो आजारी होतो काय? खरा सांग. आये मरताहा थंय."

आईचं नाव काढल्यावर काकी रडवेली झाली आणि सगळं बाहेर आलं. राघू आजारी होता तर! आई पडायच्या आधी पंधराएक दिवस. पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेला, खाणं नाही, हिरवी पातळ शी, डोळे चिकटलेले. आईने त्याला पदरात घेऊन रात्री जागवल्या, डोळे पुसले, केळं चावून चावून तोंडाने भरवलं. तो बरा झाला आणि ही पडली.

"आणि ह्या सगळा डॉक्टराक सांगूक काय झाला?"

काकीने आवाज खाली आणला. "देवान कौल दिल्यान आसा ना. उजवो. राघू घरात रवांदे म्हणान."

परक्या माणसाला हे सांगून खरं वाटणार नाही. आमच्याकडे घरात काही अडलं की ग्रामदेवतेच्या देवळात जाऊन कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर उजवीकडे-डावीकडे पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. जमिनीचे तंटे, मुलीचं स्थळ, विहीर कुठे खणायची, सगळं त्यावर ठरतं. आई कुडाळला तापाने फणफणलेली असताना माझे बाबा पहाटेच्या एसटीने गावात येऊन कौल लावून, उजवी पाकळी घेऊन, दुपारपर्यंत परत बाकावर येऊन बसले होते. आणि मी समजत होते, कपडे आणायला गेले होते.

विहिरीच्या कठड्याजवळ रेंज येते. तिथे उभं राहून मी डॉक्टरबाईंना फोन लावला. सांगितलं, पोपट आहे, आजारी होता, आणि आई त्याला तोंडाने भरवते. 

"ताई," त्या म्हणाल्या, "हे मला पहिल्या दिवशी कळलं असतं तर."

त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, सिटॅकोसिस. मी दोनदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, पोपटाचा ताप म्हणा. आजारी पक्ष्याच्या विष्ठेची वाळलेली धूळ, पिसांची धूळ श्वासातून आत जाते, चोचीला तोंड लावलं तर विचारूच नका. म्हणाल्या, तिला चाललेली इंजेक्शनं या जंतूला लागूच पडत नाहीत. आणि लागू पडतं ते औषध कुठलं? तर लेप्टोसाठी सुरू करून बंद केलेल्या त्याच गोळ्या. मी काकीकडून किल्ली घेऊन घरात गेले. पट्टी खिडकीत होती, तेलाच्या बाटलीशेजारी, निम्मी भरलेली. तेव्हा आलेला उतार त्या गोळ्यांनीच आलेला होता आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही. यायचं कसं? राघू तर नातू होता ना!

औषध त्याच संध्याकाळी सुरू झालं. दोन दिवसांत ताप उतरला. इतक्या सहज उतरला, की मला आनंदापेक्षा संतापच जास्त आला. एवढंसं औषध, एवढंसं वाक्य, आणि त्यासाठी आम्ही किती दिवस तिला जाळत ठेवलं!

पण ताप गेला म्हणून सगळं गेलं नाही. डॉक्टरबाईंनी मला बसवून समजावलं. हा रोग बहुतेकांना फुप्फुसापुरताच होतो. वेळेवर औषध मिळालं तर माणूस उठून कामाला लागतो. क्वचित, फार क्वचित तो पुढे सरकतो. कोणाच्या काळजाला सूज येते, कोणाच्या मेंदूला, कोणाच्या पायातली ताकद जाते. आईला मेंदूची सूज आली होती आणि काळजालाही थोडा धक्का बसला होता. ती उभी राहिली की होडीत उभी असल्यासारखी डुलायची. चमचा तोंडाकडे नेताना हात कापायचा. बाई म्हणाल्या, सुधारेल, पण काही गोष्टी गळून गेलेल्या असतील. कुठल्या, ते आत्ता सांगता येणार नाही. वाट बघा.

त्या दिवशी मी बाबांना इस्पितळाच्या आवारातल्या फणसाखाली गाठलं आणि मनात होतं ते सगळं ओकले. त्यांच्या वयाचा मुलाहिजा ठेवला नाही.

"देवाला विचारायला गेलात! देव काय इंजेक्शन देणार होता? समोर डॉक्टर रोज विचारत होती, रोज! तिला एक शब्द सांगायला जीभ झडली असती तुमची?"

"देवान उजवी दिल्यान," बाबा म्हणाले.

"उजवी दिली ती कशाला? विचारलंत काय तुम्ही देवाला?"

"राघू घरात रवांदे काय, म्हणान."

"आणि आईचं? आई वाचेल का, हे विचारलंत?"

बाबा खाली पडलेली फणसाची पानं चपलेने एकीकडे सारत राहिले. मी परत विचारलं. मला वाटलं, आता पुन्हा ते ऑफिसचं मराठी काढणार.

"ता विचारूक माका धीर झालो नाय गो," ते म्हणाले. "डावी पडली असती तर?"

 राग गेला असं म्हणत नाही, राग होताच. पण मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. म्हणून ते राघूचं विचारून आले होते. तिच्या जिवाचं विचारायची छाती नाही, म्हणून तिचा जीव ज्याच्यात अडकला होता त्याचं विचारलं, आणि तिकडे होय मिळालं ते घेऊन येऊन बसले. मी टपरीवरून दोन चहा आणले. आम्ही ते फणसाखालीच प्यायलो.

राघूचं काय करायचं, यावर परत आमची जुंपली. मी वनखात्याला फोन करून सगळं खरं सांगितलं. बाबा चार हात लांब उभे राहून ऐकत होते, मान खाली. तिकडचा माणूस समजूतदार निघाला. म्हणाला, आधी त्याचं औषध पुरं होऊ दे, मग येऊन नेतो. गुरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं, ते महिना-दीड महिना चालायचं होतं. काकी नाकातोंडाला फडकं बांधून ते पाण्यात घालायची, पिंजरा ओला करून मगच झाडायची. बाबांची एकच विनंती होती. नेण्याआधी एकदा आईला दाखवायचा. बोलत होते ते माझ्याशी, मालवणीत, आणि हात जोडून. बापाने हात जोडल्यावर मुलीने काय करायचं?

इस्पितळात ते तिच्या कानाशी जाऊन रोज सांगायचे, "राघू बरो आसा हां." ती मान हलवायची. बाबा माझ्याकडे वळून बघायचे, बघ, म्हणतात तसं.

आई घरी आली तेव्हा घरासमोरच्या खळ्यात अर्धी वाडी जमली होती. तिने सगळ्यांना ओळखलं. काकीला पाहताच, माझी नारळ खवायची विळी नेलंस ती खंय आसा, हे विचारलं. माझ्या मुलीची परीक्षा कधी ते विचारलं. माझ्या जिवात जीव आला. काहीसुद्धा गळालेलं नव्हतं! नुसतं चालताना भिंतीचा आधार लागत होता. डॉक्टरबाई उगाच घाबरवतात, असं मी काकीला म्हणालेसुद्धा.

औषध पुरं झालं. डॉक्टरांनी आता भीती नाही म्हणून सांगितलं. वनखात्याची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती, आणि आदल्या सकाळी बाबांनी राघूचा पिंजरा मांगरातून आणून पडवीतल्या त्याच हुकाला टांगला. आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून. हातात पेरू. मला म्हणाले, तू भायर ये, बग तिचा तोंड. आई भिंत धरत धरत पडवीत आली, खुर्चीत बसली आणि वर बघितलं.

"ह्यो कोणाचो पोपट?"

आम्हाला वाटलं, चेष्टा करतेय. बाबा हसलेसुद्धा. पण ती चेष्टा करत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं, दुसऱ्याच्या घरी काहीतरी नवीन बघावं तसं. बाबांनी पेरू तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट बघितला आणि स्वतःच खायला लागली.

मग राघू पिंजऱ्यात इकडून तिकडे झाला, मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मेल्या, जेवलंस काय?"

आई खळखळून हसली. "गे बाये! ह्यो तर माझ्यासारखोच बोलता. कोणी शिकवल्यान तेका?"

 काकीने पदर तोंडाला लावला. मला त्या क्षणी कोणाला तरी धरून बडवावंसं वाटत होतं आणि बडवण्यासारखं कोणी नव्हतं. जे तिच्यासाठी लपवलं, शपथा पाळून, डॉक्टरांना नातू सांगून, देवाला साकडं घालून, तेवढं एकच तिच्या डोक्यातून पुसून गेलं होतं. विळी राहिली होती.

"सांगा मरे, कोणाचो?" आईचा आवाज आता चढला होता. "लोकाचो पोपट आपल्या पडवीत कित्याक? वनखात्याचे लोक येतले, पेपरात नाव येतला. काय वायट दिसतला ता!"

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी बाबा बोलले.

"माझो," ते म्हणाले. "माझो आसा."

आईने हातातला पेरू खाली ठेवला. त्यांच्याकडे बघत राहिली. रागावली होती ती, खरोखरची दुखावली होती, डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तुमचो? आणि इतके दिवस माझ्यापासून लपवन ठेवलात?"

"चुकला माझा," बाबा म्हणाले.

ती त्यांच्याशी त्या दिवशी जेवेपर्यंत बोलली नाही.